एकवचनात राहिलेली माणसं

पाणिनींच्या अष्टाध्यायी या संस्कृत व्याकरणात दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या पादात एक छोटं सूत्र आहे: 'शूद्राणामनिरवसितानाम्'. विषय द्वंद्व समासाचा. दोन जातींची नावं जोडून एक शब्द केला तर तो एकवचनी धरायचा की अनेकवचनी, एवढाच प्रश्न. उत्तर असं की जे शूद्र 'निरवसित' नाहीत, म्हणजे बाहेर काढलेले नाहीत, त्यांच्या नावांचा समास एकवचनी होतो. सुतार-लोहारांसाठी 'तक्षायस्कारम्'. जे बाहेर काढलेले आहेत त्यांचा अनेकवचनी, 'चण्डालमृतपाः'. बाहेर म्हणजे कशाच्या बाहेर, हे पतंजलींनी या सूत्रांवरच्या महाभाष्यात फोड करून सांगितलं आहे. ज्यांनी जेवल्यावर भांडं संस्कार करून शुद्ध होतं ते आतले, आणि ज्यांनी जेवल्यावर ते संस्कारानेही शुद्ध होत नाही ते बाहेरचे. शब्दाचं वचन ठरवायला व्याकरणकारांना जेवणाच्या भांड्याकडे पाहावं लागलं.

आठव्या अध्यायात आणखी एक सूत्र येतं: 'प्रत्यभिवादेऽशूद्रे'. नमस्कार करणाऱ्याला उलट आशीर्वाद देताना वाक्याच्या शेवटी त्याचं नाव घ्यायचं आणि त्यातला शेवटचा स्वर लांबवायचा, प्लुत करायचा. नमस्कार करणारा शूद्र असेल तर लांबवायचा नाही. पुढे वार्तिकाने, म्हणजे सूत्राला जोडलेल्या पुरवणी नियमाने, या अपवादात स्त्रियांनाही घातलं.

जगातल्या सर्वांत काटेकोर मानल्या गेलेल्या व्याकरणात हे आहे. त्याबद्दल पाणिनींवर राग काढण्यात अर्थ नाही. लोक जसं बोलत होते तसं त्यांनी नोंदवलं, आणि बोलण्यातच उतरंड शिरलेली होती तर ती सूत्रात यायचीच. पण ही सूत्रं वाचून 'तो काळच तसा होता' असं म्हणत पान उलटणाऱ्यांना मला आजची मराठी दाखवायची आहे. आपल्या भाषेतही माणसाचं वचन त्याचा दर्जा पाहून ठरतं. ते रोज ठरतं, छापलं जातं आणि शाळेत शिकवलं जातं. माझं म्हणणं असं आहे की घरात कोणी कोणाला काय म्हणावं हे ज्याचं त्याने पाहावं. परंतु वर्तमानपत्र, पाठ्यपुस्तक, पोलीस ठाणं आणि सरकारी कागद यांच्या मराठीत प्रत्येक प्रौढ माणसाला आदरार्थी बहुवचन मिळालं पाहिजे. प्रत्येक म्हणजे प्रत्येक.

मराठीत एखाद्या माणसाबद्दल साधं वाक्य बोलायचं तरी त्याचा दर्जा सांगितल्याशिवाय ते पुरं होत नाही. 'गडी आला', 'साहेब आले'. क्रियापद बदललं. 'तो नवा गडी', 'ते नवे साहेब'. विशेषण आणि सर्वनाम बदललं. भूतकाळात सकर्मक क्रियापद कर्माच्या लिंग-वचनाप्रमाणे चालतं, तिथे तरी सुटका व्हावी, तर मान विभक्तीत जाऊन बसतो: 'गड्याने चहा घेतला', 'साहेबांनी चहा घेतला'. क्रियापद दोघांनाही तेच, पण एकाच्या वाट्याला अनुस्वार आणि 'नी' आले, दुसऱ्याच्या वाट्याला नुसता 'ने'. यात तटस्थ रूप नाही, हे सगळ्यात महत्त्वाचं. बोलणाऱ्याला वाटलं की आपण कोणाला वर-खाली लावू नये, तरी व्याकरण त्याला तसं राहू देत नाही. प्रत्येक वाक्यात निवड करावीच लागते, आणि ती इतकी सवयीची झालेली असते की निवड केल्याचं कळतही नाही.

सकाळी येणारं कोणतंही मराठी वर्तमानपत्र उघडा. पहिल्या पानावर पालकमंत्री 'म्हणाले', आयुक्तांनी 'आदेश दिले', ज्येष्ठ उद्योजकांचं 'निधन झाले' आणि 'त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुले, सुना, नातवंडे असा परिवार आहे'. आतल्या पानावर परांचीवरून पडून मजूर 'ठार झाला' आणि 'त्याच्या मागे पत्नी व दोन मुले आहेत'. भूमिगत गटारात उतरलेल्या सफाई कामगाराचा 'गुदमरून मृत्यू झाला'. 'तो' कंत्राटी कामावर 'होता'. शेतकऱ्याने गळफास 'घेतला', 'त्याच्यावर' सोसायटीचं कर्ज 'होते'. हे शेतकरी कदाचित साठीचे असतील. गावात त्यांना सगळे आप्पा म्हणत असतील, 'आप्पा आले', 'आप्पांना विचारा' असंच बोलत असतील. त्यांच्या स्वतःच्या गावाने दिलेलं बहुवचन मेल्यावर बातमीत काढून घेतलं जातं. गावातल्या लोकांनी 'आप्पा गेले' म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशीच्या अंकाने 'तो गेला' असं छापलं. मला यात क्रूरपणा दिसतो, आणि तो कोणी ठरवून केलेला नाही म्हणून कमी होत नाही.

शाळेत, दवाखान्यात, कचेरीत हेच चालतं. वर्ग झाडणाऱ्या, फरशी पुसणाऱ्या, लहान मुलांना शू-शीला नेणाऱ्या बाईंना आपण नात्याने बोलावतो: मावशी. नातं दिलं, आपलेपणा दिला, पण वाक्य होतं ते 'आज मावशी आली नाही'. त्याच दारातून 'मॅडम आल्या'. सात वर्षांच्या मुलाला कोणी हा नियम शिकवत नाही. शिकवण्याची गरजच पडत नाही. तो ऐकतो आणि पहिलीतून दुसरीत जाईपर्यंत त्याला पक्कं कळलेलं असतं की चाळिशीतल्या एका बाई 'आल्या' असतात आणि पन्नाशीतल्या दुसऱ्या 'आली' असतात. जात, पगार, शिक्षण हे शब्द कानावर पडायच्या आधीच त्याला उतरंड येते, कारण ती क्रियापदाच्या शेवटी लावलेली असते. म्हणून शब्द बदलण्यापेक्षा व्याकरण बदलणं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. शब्द टाळता येतो, पण क्रियापदाचा शेवट टाळून कोणाला बोलता येणार?

राज्य मंत्रिमंडळाने डिसेंबर २०२० मध्ये जातिवाचक वस्त्यांची नावं बदलण्याचा निर्णय घेतला. चांगलाच निर्णय. पाटीवरचं नाव बदलता येतं आणि बदलायलाच हवं. पण त्या वस्तीतल्या म्हाताऱ्या माणसाला तलाठी कार्यालयात 'काय रे, कागद आणला का?' असं विचारलं गेलं, तर पाटी बदलूनही त्यांची जागा तीच राहते. एके काळी वरच्या जातीच्या घरातलं आठ-दहा वर्षांचं पोर दलित वस्तीतल्या साठीच्या माणसाला 'अरे'ने हाक मारायचं आणि ती माणसं त्याला 'मालक', 'धनी' म्हणायची. ही हाक बऱ्याच प्रमाणात बंद झाली. ती भाषाशास्त्राने बंद केली नाही. माणसांनी ती ऐकून घ्यायचं नाकारलं म्हणून ती बंद झाली. खालच्याने वरच्याला करायच्या 'जोहार'च्या जागी 'जय भीम' आला, आणि त्याची खूण अशी की त्याला उत्तरही 'जय भीम' असंच येतं. वरून खाली आणि खालून वर एकच बोल जातो.

अर्थात मराठीतलं प्रत्येक एकवचन अपमानाचं नसतं, हे सांगायलाच हवं, नाहीतर मांडणी खोटी होईल. 'सचिनने शतक ठोकलं' यात लाड आहे. विठोबाला संतांनी कायम 'तू' म्हटलं. इतकं जवळचं दैवत 'आपण' म्हणून दूर सारावं असं कोणाला वाटणार? मालवणीत 'आवस इली' म्हणतात आणि 'बापूस इलो' म्हणतात, आई आणि बाप दोघेही एकवचनातच. खेड्यापाड्यांतल्या कितीतरी घरांत 'बा आला' असंच म्हणतात, आणि त्या बाचा धाक काही कमी नसतो. जिथे सगळे एकमेकांना एकवचनातच बोलतात, तिथे एकवचनाला वाईट वास येत नाही. तो येतो एकाने 'तू' म्हणायचं आणि दुसऱ्याने 'तुम्ही' म्हणून उत्तर द्यायचं, अशी रीत पडते तेव्हा. रॉजर ब्राउन आणि ॲल्बर्ट गिलमन या दोन अमेरिकन अभ्यासकांनी १९६० साली युरोपातल्या भाषांबद्दल हेच दाखवून दिलं होतं: दोघांमधला 'तू' जवळीक सांगतो, एकतर्फी 'तू' सत्ता सांगतो.

प्रमाण मराठीतल्या घराकडे या नजरेने पाहिलं की एक गोष्ट टोचते. 'माझे वडील आले', 'माझी आई आली'. 'वडील' या नात्याला एकवचन उरलेलंच नाही. 'माझा वडील' असं कोणी म्हणत नाही. 'माझ्या आई आल्या' असं मात्र कोणी म्हटलं तर सासूबद्दल बोलणं चाललंय असं ऐकणाऱ्याला वाटतं. म्हणजे लग्न होऊन आलेल्या मुलीच्या तोंडी नवऱ्याच्या आईला बहुवचन आणि जन्म दिलेल्या आईला एकवचन. आईचं एकवचन प्रेमाचं आहे, हे मला मान्य आहे. मी स्वतःही आईला दुसरं काही म्हणू शकणार नाही. पण मग वडिलांच्या वाट्याला ते प्रेम व्याकरणाने का येऊ दिलं नाही, आणि सासूच्या बाबतीत ते आपोआप का बंद झालं? उत्तर नात्यांच्या अधिकारात आहे. कुटुंबात ज्यांचा शब्द चालतो त्यांचं क्रियापद बहुवचनी.

आणि हे सगळं आपल्या डोळ्यांदेखत हललं आहे. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही, घेतलं तर उखाण्यातच. हाक मारायची ती 'अहो' म्हणून. त्याने मात्र 'अगं' म्हणायचं. शतकानुशतकं पक्की वाटलेली ही रीत शहरांत एका-दोन पिढ्यांत ओसरली. आजच्या मुली नवऱ्याला नावाने हाक मारतात, 'अरे' म्हणतात. वडिलांनाही मुलं 'ए बाबा' म्हणू लागली आहेत. कोणतंही शासकीय परिपत्रक निघालं नव्हतं. मुली शिकल्या, कमावू लागल्या, लग्न उशिरा आणि स्वतःच्या पसंतीने होऊ लागली, आणि क्रियापदांचे शेवट बदलले. समाज बदलला की व्याकरण कसं वळतं याचं याहून जवळचं उदाहरण मराठी माणसाला मिळणार नाही.

सांगली जिल्ह्यातल्या कुपवाडचं उदाहरण भाषाशास्त्राच्या जगात प्रसिद्ध आहे, आपल्याकडे मात्र ते फारसं कोणाला ठाऊक नसतं. जॉन गंपर्झ आणि रॉबर्ट विल्सन यांनी १९७१ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. तेव्हा कुपवाड साधारण तीन हजार वस्तीचं गाव होतं. जैन आणि लिंगायत कन्नड बोलत, मुसलमान उर्दू, दलित शेतमजूर मराठी, आणि दोर वळणारी काही घरं तेलुगू. ही माणसं शतकानुशतकं एकाच शिवारात राबत होती, पण प्रत्येक समाजाने आपली भाषा घरात जपली होती. अभ्यासकांना आढळलं ते असं की शब्द वेगळे राहिले आणि वाक्यरचना जवळजवळ एक झाली. कुपवाडचा मराठी माणूस 'पाला जरा कापून घेऊन आलो' म्हणे, उर्दू बोलणारा 'पाला जरा काट के ले के आया', आणि कन्नड वाक्यही तुकड्याला तुकडा लावून अगदी तसंच. एरवीच्या कन्नडला 'हे तुमचं घर' एवढ्या वाक्यात 'आहे' लागत नाही. कुपवाडच्या कन्नडने ते शेजाऱ्यांकडून घेतलं. आपण कोण हे सांगायला लोकांनी शब्द राखले, आणि रोजच्या कामात एकमेकांशी बोलता बोलता व्याकरण एकमेकांकडे सरकलं. 'व्याकरणाला हात लावू नका, ते भाषेचं हाड आहे' असं म्हणणाऱ्यांनी कुपवाड डोळ्यांसमोर आणावं. माणसं कोणाशी किती आणि कशी बोलतात यावर हे हाडही वळतं.

मराठी लिहिण्याची जी रीत आज आपण प्रमाण मानतो, तिच्यावर पेशवाईच्या दफ्तराची छाप आहे. कोणाला कोणता मायना लिहायचा, कोण 'अखंडित लक्ष्मी अलंकृत राजमान्य राजश्री' आणि कोणाच्या वाट्याला नुसतं नाव, हे तिथे ठरलेलं असे. नावापुढे 'यांनी', 'यांचे', 'यांस' लावण्याची आपली पद्धत त्या पत्रव्यवहाराची आठवण आहे. पुढे छापखाना आला, शाळा आल्या, आणि दादोबा पांडुरंग तर्खडकर यांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. त्यांना मराठीचे पाणिनी म्हणतात. पण हेच दादोबा १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेच्या प्रमुख संस्थापकांत होते, आणि ती सभा जातिभेद मोडण्यासाठी होती; सभासद गुप्तपणे जमत आणि जातीचे निर्बंध झुगारून एकत्र खात-पीत. पतंजलींनी ज्या भांड्यावरून समाजाची रेघ ओढलेली दाखवली, ते भांडं मराठीच्या व्याकरणकारांनी एकोणिसाव्या शतकात पुढे सरकवून दिलं. भाषेचे नियम लिहिणारा माणूस समाजाचे नियम बदलू पाहू शकतो, हा वारसा मराठीजवळ आहे.

त्याच शतकात, १८६९ साली, जोतीराव फुले यांनी शिवरायांवर पवाडा लिहिला. 'कुळवाडीभूषण पवाडा गातो भोसल्याचा, छत्रपती शिवाजीचा'. भोसल्याचा, शिवाजीचा. दोन्ही एकवचनं. शिवरायांना शेतकऱ्यांचा राजा म्हणून परत लोकांपुढे आणणाऱ्या माणसाच्या मनात अनादराचा लवलेश नव्हता. पवाड्याच्या भाषेत तेव्हा लाडक्या राजाला एकवचनच शोभत होतं. आज महाराष्ट्रात 'एकेरी उल्लेख' झाला की आंदोलनं होतात, माफी मागावी लागते, पुतळ्यांना दुग्धाभिषेक होतात. या संतापाला मी हसणार नाही. लोकांना नेमकं कळलेलं आहे की मराठीत वचन म्हणजे मान, आणि मान काढून घेणं म्हणजे माणसाला खाली ओढणं. आता त्याच जाणिवेने आतल्या पानावरची बातमी वाचावी एवढीच माझी विनंती आहे. महाराजांचा एकेरी उल्लेख ज्यांना सहन होत नाही, त्यांनी महाराजांच्या रयतेचा एकेरी उल्लेख रोज का सहन करावा?

पाठ्यपुस्तकांत याची दुसरी बाजू दिसते. इतिहासात 'महाराज आले' आणि 'अफजलखान आला'. विज्ञानात 'न्यूटनने नियम मांडला' आणि 'भाभा यांनी संस्था उभारली'. आपला तो बहुवचनी, परका तो एकवचनी. शत्रूचं सोडा, न्यूटन यांनी आपलं काय बिघडवलं होतं? मुलांच्या मनात 'आपण' आणि 'ते' यांच्यामधली भिंत अशी क्रियापदांनी उभी राहते, धड्यातल्या उपदेशांना तिचा पत्ताही नसतो.

बदल करायचा तर कोणत्या दिशेने, हा खरा वादाचा मुद्दा आहे. जगात दोन्ही वाटांनी लोक गेले आहेत. सतराव्या शतकातल्या इंग्लंडमध्ये क्वेकर पंथाच्या लोकांनी न्यायाधीशापासून जमीनदारापर्यंत सगळ्यांना 'तू' म्हणायचं ठरवलं, मार खाल्ला, तुरुंगात गेले. इंग्रजी मात्र उलट्या वाटेने गेली: 'तू'चं रूपच मागे पडलं आणि एके काळचं आदरार्थी बहुवचन सगळ्यांना मिळालं, धोब्यालाही आणि लॉर्डलाही. स्वीडनमध्ये लोकांना हुद्द्याने संबोधावं लागे, 'डॉक्टरांना काय हवं आहे' अशा वळणाने. १९६७ साली सरकारी वैद्यकीय मंडळाचे नवे प्रमुख ब्रूर रेक्सेड यांनी आपण कचेरीत सर्वांना 'तू' म्हणणार आणि सर्वांनी आपल्यालाही 'तू' म्हणावं असं जाहीर केलं. हवा आधीपासून बदलत होतीच, आणि पुढच्या काही वर्षांत राजघराणं वगळता जवळजवळ सगळा देश 'तू'वर आला. जावा बेटावर १९१७ साली सुराबाया इथे 'जावा दिपा' नावाची चळवळ उभी राहिली. जावानीज भाषेत वरच्याशी बोलायचे शब्द वेगळे आणि खालच्याशी बोलायचे वेगळे. सगळ्यांनी एकच साधी पातळी वापरावी अशी त्या चळवळीची मागणी होती. ती काही यशस्वी झाली नाही. पण इंडोनेशियातल्या तरुणांनी घेतलेल्या १९२८ च्या युवक प्रतिज्ञेत देशाची भाषा म्हणून सर्वाधिक लोकांच्या जावानीजऐवजी मलाय पायावरची इंडोनेशियन निवडली गेली, आणि मलायमध्ये ती उतरंड नव्हती हे तिच्या बाजूचं एक मोठं कारण होतं.

मराठीने स्वीडनची वाट धरावी असं मला वाटत नाही. कारण व्यवहाराचं आहे. उद्या ठरवलं की सगळ्यांना एकवचन, तर मंत्र्यांना 'तो' म्हणायची हिंमत कोणतंही वर्तमानपत्र करणार नाही. जे आधीच एकवचनात आहेत ते तिथेच राहतील आणि समतेचं नाव मात्र होईल. खाली उतरवायला सत्ता लागते. वर घ्यायला फक्त इच्छा पुरते. म्हणून सगळ्यांना वर घ्यावं.

आक्षेप येतो तो आरोपींचा. ज्या माणसाने घृणास्पद गुन्हा केला त्याला 'त्यांनी' म्हणायचं का? हा आक्षेप हलका नाही. बलात्काराच्या बातमीत 'आरोपी आले' असं वाचताना माझ्याही अंगावर काटा येईल. तरीही मी म्हणेन की होय. फिर्याद दाखल झाली त्या दिवशी माणूस दोषी ठरलेला नसतो, आणि 'सदर इसम याने' लिहिणारी लेखणी त्याला त्याच दिवशी शिक्षा देऊन टाकते. शिवाय ही शिक्षा सगळ्यांना सारखी मिळत नाही. घोटाळ्यात अडकलेले माजी मंत्री तुरुंगात जातानाही 'त्यांना अटक झाली' असतात. पाकीट मारणारा मात्र पहिल्या ओळीपासून 'तो'. गुन्ह्याबद्दलची चीड दाखवायला मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. गुन्हा काय झाला ते स्पष्ट, पूर्ण, न लपवता लिहावं. शिक्षा न्यायालयाने द्यावी.

दुसरा आक्षेप भाषेच्या बाजूचा आहे आणि तो जास्त कठीण आहे. आदरार्थी बहुवचन आणि खरं बहुवचन दिसायला एकच. 'शेतकऱ्याने आत्महत्या केली' याचं 'शेतकऱ्यांनी आत्महत्या केली' असं केलं तर वाचणाऱ्याला वाटेल की अनेकांनी केली. 'कामगारांचा मृत्यू' म्हटलं तर किती जणांचा, हा प्रश्न उभा राहतो. मंत्र्यांच्या बाबतीत ही अडचण येत नाही, आणि का येत नाही हे पाहिलं की मार्ग सापडतो. त्यांचं नाव लिहिलेलं असतं. 'पालकमंत्री अमुक अमुक यांनी' म्हटल्यावर गोंधळाला जागाच नसते. मजुरांच्या बातमीत पुष्कळदा नाव शेवटच्या ओळीत येतं, किंवा येतच नाही. 'एक मजूर' एवढ्यावर भागवलेलं असतं. पहिल्याच वाक्यात नाव आणि त्यापुढे 'यांचा' आला की वचनाचा घोळ संपतो. पुढची सगळी वाक्यं 'ते', 'त्यांच्या', 'होते' अशी सरळ चालतात. शीर्षकात जागा कमी असते तिथेही 'सफाई कामगार' आणि आडनाव सहज मावतं. जिथे नाव देणं कायद्याने किंवा माणुसकीने योग्य नाही, तिथे 'एक महिला' म्हणून सुरुवात करून दुसऱ्या वाक्यापासून 'त्या', 'त्यांनी' लिहिता येतं. चांगले उपसंपादक हे एका दिवसात बसवू शकतात.

सुरुवात बालभारतीच्या पुस्तकांपासून करता येईल, कारण तिथे वाक्यं आधी वाचून, तपासून, मंजूर होतात. 'पोस्टमन पत्रं आणतो', 'सफाई कामगार रस्ता झाडतो', 'डॉक्टर तपासतात' असली वाक्यं पहिली-दुसरीच्या पुस्तकात येऊ शकतात आणि कोणाच्या लक्षातही येत नाहीत. 'पोस्टमन पत्रं आणतात', 'सफाई कामगार रस्ता झाडतात'. एका ओळीचं काम आहे. पोलीस ठाण्यातल्या छापील नमुन्यांत 'याने/हिने' च्या जागी 'यांनी' घालणं हे गृहखात्याच्या एका आदेशाचं काम. मराठीला ऑक्टोबर २०२४ मध्ये अभिजात भाषेचा दर्जा मिळाला, त्यानंतर कोश, ग्रंथ, संशोधन यांच्या योजनांबद्दल बोललं जातंय. प्रमाणलेखनाचे नियम पुन्हा पाहायला बसणाऱ्या समितीपुढे ऱ्हस्व-दीर्घाच्या शेजारी हाही विषय असावा. ऱ्हस्व-दीर्घ चुकलं तर शब्द चुकतो. इथे माणूस चुकतो.

आणि बातमीदारांसाठी एवढंच, की 'यांनी' लिहायचं तर आधी नाव विचारावं लागेल. घटनास्थळी उभ्या असलेल्या मुकादमाने 'बिहारचा होता कोणीतरी' म्हटल्यावर तिथून निघता येणार नाही. सोबत काम करणाऱ्यांना गाठावं लागेल, शवागारातल्या नोंदीत पाहावं लागेल, गावी कोणी आहे का, त्यांना कळवलं का, हे विचारावं लागेल. बातमी अर्ध्या तासाने उशिरा जाईल.